काळ्या घरातली अक्षरं

सकाळी टेबल पुसताना बाबांचा पेपर उचलला आणि खिडकीच्या बाजूला वळले, तेव्हा शब्दकोड्याच्या काळ्या घरांमध्ये काहीतरी चमकलं. पांढरी घरं अक्षरांसाठी असतात आणि काळी रिकामी राहण्यासाठी. हे कुणाला शिकवावं लागत नाही. पेपर सरळ धरला की काळं ते काळंच दिसत होतं. जरासा तिरका केला की पेन्सिलीची एक राखाडी रेघ उजेडात यायची आणि तिचा 'र' व्हायचा. त्याच्या खाली दोन घरं सोडून 'ण'. काही शब्द पांढऱ्या घरांत सुरू होऊन सरळ काळ्यात शिरले होते. काही मध्येच थांबले होते, पुढची पांढरी घरं तशीच मोकळी टाकून. एक शब्द तर चौकट ओलांडून समासात जाऊन बसला होता, स्टॉप चुकून पुढे उतरलेल्या माणसासारखा. अक्षर बाबांचंच होतं, एकसारख्या उंचीचं, कुठेही थरथर नाही. बाथरूममधून त्यांच्या गुळण्यांचा आवाज येत होता. मी फडकं हातात धरून उभी होते आणि टेबलावरचं कपाचं ओलं वर्तुळ एका बाजूने वाळत चाललं होतं. मग नळ बंद झाला आणि मी तो पेपर, होता तसा घडी घातलेला, माझ्या बॅगेत सरकवला. का, ते मला तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"निघालीस?" बाबा टॉवेलने कान पुसत बाहेर आले.

"हो, आज जरा लवकर."

"शास्त्रज्ञबाई, डबा राहिला."

डबा खरंच ओट्यावर राहिला होता. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रोज पाहते तसं नव्हे; काचेवरच्या नमुन्याकडे पाहते तसं. दोन्ही गाल सारखे. डोळे स्वच्छ. दाढी नीट केलेली, फक्त डाव्या कानाखाली चार केस सुटलेले, ते नेहमीच सुटतात. त्यांना काहीतरी सांगायचं होतं असं वाटलं, पण मी चपला घालून जिन्यात आले होते.

बाबा पूल बांधणाऱ्या खात्यात आरेखक होते. रेघ जिथे संपायला हवी तिथे संपवणं, एवढंच काम त्यांनी नोकरीभर केलं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि तिसरं म्हणजे रोजचं कोडं. साधं कोडं नव्हे. साध्या कोड्यात अर्थ दिलेला असतो आणि शब्द सांगायचा असतो. बाबा त्याला हजेरीपट म्हणतात. त्यांचं कोडं गूढ असतं. त्यात ओळ बोलते एक आणि करते दुसरंच. ओळीच्या एका टोकाला खरा अर्थ असतो, उरलेल्या भागात शब्द कसा जुळवायचा याची कृती लपवलेली असते, आणि दोन्ही वाटा एकाच शब्दापाशी पोचल्या तरच तो शब्द खरा. लहानपणी त्यांनी मला पहिली ओळ दिली होती ती अजून लक्षात आहे. 'नदी उलटी वाहिली, बिचारी. दोन अक्षरी.' मी नद्यांची नावं आठवत बसले. पूर आठवले. मला नदीची दया आली. शेवटी बाबांनी कागदावर 'न' आणि 'दी' वेगवेगळे लिहिले आणि मला उजवीकडून वाचायला लावलं. दीन. "ओळीतलं चित्र बघायचं नाही," ते म्हणाले, "चित्र तुला भुलवायला असतं. शब्द काय करतायत ते बघ." मी रागावले होते. मला ती फसवणूक वाटली होती. जी गोष्ट मोजता येते आणि जी उलटी वाहत नाही अशाच गोष्टींकडे मी पुढे वळले, त्यात त्या नदीचा थोडा हात असावा. बाबांनी नंतर कधी आग्रह धरला नाही. पण त्यांचा एक नियम घरात पक्का राहिला: आधी फोड, मग उत्तर. शब्द सुचला, घरांत बसला, आडव्या-उभ्या अक्षरांशी जुळला, तरी तो का, हे सांगता आल्याशिवाय ते पेन्सिल टेकवत नाहीत. ओळ वाचायची, पेपरची चार पदरी घडी घालायची, चौकट बाहेर आणि ओळी आत. मग खोलीत फेऱ्या मारायच्या. फोड पूर्ण झाली की टेबलाशी येऊन शब्द लिहायचा. अशा माणसाने काळ्या घरात लिहिलं होतं.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. पेपर बाहेर काढला, पण घडी उघडली नाही. उघडावीशी वाटली नाही. दवाखान्यात कुणी आपला रिपोर्ट पाकिटातून अर्धाच बाहेर काढतो आणि पहिली ओळ दिसली की परत आत ढकलतो, तसं काहीतरी. चौकट मात्र पुन्हा पाहिली, तिरकी धरून. मगर. नयन. आठवण. दीनही होता, एका कोपऱ्यात, तीन घरांपैकी दोनच घरांत. म्हणजे शब्द तरी शब्द आहेत, मी स्वतःला सांगितलं. पण लगेच दुसरा विचार आला, की आत्याचेही सुरुवातीला शब्दच होते.

आत्या बाबांची थोरली बहीण. रोज सकाळी दोघं फोनवर एकच कोडं सोडवायची, ती तिच्या घरी, हे आमच्या घरी. भांडणंही व्हायची. "थोरली आहे मी, माझी फोड बरोबर," असं आत्या म्हणायची आणि बाबा फोन कानापासून लांब धरून मला डोळा मारायचे. मग तिची नामं जाऊ लागली. चमच्याला ती 'ढवळायचं' म्हणायची, कुलपाला 'बंदवालं'. आम्ही हसायचो, तीही हसायची. चष्मा फ्रीजमध्ये सापडला तेव्हाही हसलो. नंतर एकदा आम्ही तिच्याकडे गेलो तर ती खिडकीत बसून कोडं भरत होती आणि आम्हाला बघून तिने पेपर आनंदाने पुढे केला. "सुटलं गं बाई सगळं," ती म्हणाली. प्रत्येक पांढऱ्या घरात तिने 'क' लिहिला होता. सुंदर, गोल, शाळेत बाई फळ्यावर काढतात तसा 'क', एकही घर न चुकवता. बाबांनी तो पेपर बराच वेळ पाहिला. "सुटलं," ते म्हणाले. "सगळं सुटलं." त्या दिवसापासून ते एकटे सोडवतात. बसने वळण घेतलं आणि मला एक गोष्ट लख्ख दिसली. आत्यानेसुद्धा काळी घरं सोडली होती. एवढं गेल्यावरही तिच्या हाताला काळं आणि पांढरं कळत होतं.

मग आठवणींची रीघ लागली, आणि प्रत्येक आठवण पुरावा होऊन आली. मागे एकदा बाबा लिफ्टमध्ये जुन्या घराच्या मजल्याचं बटण दाबून उभे राहिले होते. माझ्या मैत्रिणीला त्यांनी तिच्या आईच्या नावाने हाक मारली. दुधाची पिशवी आणायला गेले आणि बिस्किटं घेऊन आले. तेव्हा यातल्या एकाही गोष्टीपाशी मी थांबले नव्हते. आता त्या एकामागून एक ओळीत उभ्या राहात होत्या. त्यांच्यामध्ये गेलेले कितीतरी साधे, धड दिवस मला दिसत नव्हते. काचेवर आपण जे शोधायला बसतो तेवढंच दिसतं, हे मी नव्या मुलींना शिकवते. स्वतःला शिकवायला त्या बसमध्ये कुणी नव्हतं.

माझं काम एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहायच्या, कुठल्या जशा असाव्यात तशा आहेत आणि कुठल्या नाहीत ते सांगायचं. शेजारच्या टेबलावर काचा रंगवणारा सहकारी बसतो, त्याला सगळे रंगारी म्हणतात; त्याची नखं कायमची जांभळी. "मॅडम, आज मूड कुठल्या रंगाचा?" त्याने विचारलं.

"काम कर."

"म्हणजे काळा."

मी दचकून त्याच्याकडे पाहिलं. तो काच पाण्याखाली धरून शीळ वाजवत होता. मी डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला. गुलाबी पडदा, त्यावर निळे ठिपके, एकाशेजारी एक, आपापल्या हद्दीत. हे दृश्य मला नेहमी शांत करतं. आज मात्र प्रत्येक पेशीची कड ओलांडून काहीतरी बाहेर येईल असं वाटत होतं. एक काच मी दोनदा पाहिली, तिसऱ्यांदा पाहिली. ती निरोगी होती. निरोगी असं लिहायला हात धजेना. मी खुर्ची मागे सरकवून खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या आणि त्यातली एक वाऱ्याने सारखी दोरीवर चढून गुंडाळली जात होती. बाबांना कुठल्या डॉक्टरांकडे न्यायचं, हे मी ठरवत होते. कसं सांगायचं, हे ठरत नव्हतं. 'जरा तपासून येऊ' हे वाक्य आत्याला आम्हीच सांगितलं होतं, बाबांच्या तोंडून. ते वाक्य त्यांना ओळखू येईल.

"मॅडम, इकडे या." रंगारी रक्ताच्या यंत्रासमोर उभा होता. "आज सगळं गावच आजारी पडलंय." पडद्यावरचे आकडे खरोखर भीषण होते. तपासणीसाठी सहज आलेला एक तरुण, एक बाळंतीण, एक म्हातारा, सगळ्यांचं रक्त निम्म्यावर. "हा तरुण तर आत्ता जिन्यावरून उड्या मारत खाली गेला," रंगारी म्हणाला. "वरती कळवू का?"

"कळवतोस काय? आधी कंट्रोल लाव," मी म्हणाले. "माणसावर कशाला संशय घेतोस? यंत्र बघ ना आधी."

कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आम्हाला आधीपासून ठाऊक असतं असा नमुना. त्याने तो लावला. त्याचंही रक्त निम्म्यावर आलं. मागची बारीक नळी दुमडली होती; सरळ केल्यावर सगळं गाव बरं झालं. रंगाऱ्याने पडद्याला हात जोडले. मी मात्र तिथेच उभी होते. माझं वाक्य माझ्याच कानात पुन्हा वाजत होतं, आवाज न चढवता, रोज म्हणते तसंच.

चहाच्या वेळेला मी बॅग घेऊन मागच्या खोलीत गेले आणि घडी उघडली. ओळी आत होत्या, दोन रकान्यांत, आडव्या आणि उभ्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी, नेहमीप्रमाणे, शब्दाची अक्षरं किती ते कंसात दिलेलं होतं. पहिली आडवी ओळ तीन अक्षरी. चौकटीत पहिल्या आडव्याला पांढरी घरं पाच. मी बोट ठेवून पुन्हा मोजली. दुसरी ओळ चार अक्षरी, घरं दोन, मग काळं. रकान्यात शेवटी एक क्रमांक होता, तो तर चौकटीत कुठे नव्हताच. समासात जाऊन बसलेला शब्द त्याचा होता. ओळी एका कोड्याच्या होत्या आणि चौकट दुसऱ्याच. छापखान्यात कुणीतरी चुकीची चौकट लावली होती. एवढंच. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही; फक्त पाठीचा कणा, जो सकाळपासून कुणीतरी मुठीत धरला होता, तो सुटला आणि मी खुर्चीत नीट बसले.

पण अर्धंच झालं होतं. यंत्र चुकलं म्हणून नमुना चांगला ठरत नाही. चौकट चुकलेली होती, तरी बाबांचे शब्द बरोबर आहेत का? शाबूत माणसाचे शब्द आहेत की योगायोगाने आलेले? ते तपासायला एकच मार्ग होता आणि तो मी नदीपाशी सोडला होता. मी पहिली ओळ वाचली. 'घाम गरम झाला, आत दबा धरून बसली पाण्यातली शिकारीण.' बाबांचा शब्द मगर. पाण्यातली शिकारीण मगर, हे पटलं. पण घाम कशाला? मला घाम दिसत होता, कपाळावरचा, कॉलरमधला. चित्र बघायचं नाही. शब्द काय करतायत? मी अक्षरं सुटी केली, घा, म, ग, र, म, आणि ती तिथे होती. दोन शब्दांच्या सांध्यात, अगदी उघड्यावर, दबा धरून. मी मान वर केली. खोलीत कुणी नव्हतं. मला कुणालातरी दाखवायची होती.

'उलटं वाचा, सुलटं वाचा, बघणारा तोच.' नयन, दोन्हीकडून तोच. 'सातनंतर जखमेची खूण, पुसता न येणारी.' इथे मी अडले. सात माणसं, सात वर्षं, सात वाजले. मग सातनंतर येतो तो नुसता आठ, आणि जखमेची खूण म्हणजे वण. आठवण. एकेका शब्दापाशी मी बाबांच्या मागून चालत होते. ते कुठे थांबले असतील, कुठे मागे वळले असतील, मला कळत होतं. आणि वाट प्रत्येक वेळी सलग होती, मध्ये कुठेही तुटलेली नव्हती. मी इतकी वर्षं त्यांच्या शेजारच्या खोलीत राहते, पण त्यांच्या डोक्यात अशी कधी फिरले नव्हते. तिथे उजेड होता. सगळं जागच्या जागी होतं. चहा गार झाला, रंगाऱ्याने दारातून डोकावून "मॅडम, जिवंत आहात ना?" असं विचारलं आणि मी "ठणठणीत" म्हणाले. फक्त एक ओळ उरली. तिथे बाबांनी काहीच लिहिलं नव्हतं. 'पहिल्या सुरामागून गाढव आलं, तरी गोडच. तीन अक्षरी.' ती मलाही सुटेना. तेवढी एक रिकामी जागा पुन्हा मनात टोचू लागली होती, तेवढ्यात फोन वाजला.

"कामात आहेस का गं?" बाबा.

"बोला ना."

"नाही, विशेष काही नाही." ते थांबले. "सकाळचा पेपर तू कुठे पाहिलास का? मी टेबलावर ठेवला होता." मग वेगळ्याच, बारीक आवाजात म्हणाले, "ठेवला होता ना?"

माझ्या हातात तो पेपर होता. "माझ्या बॅगेत आलाय, बाबा."

"तुझ्या बॅगेत."

"हो. मीच उचलला."

"म्हणजे टेबलावर होता."

"टेबलावरच होता. तुम्ही ठेवला होता तिथेच."

पलीकडून श्वास आला, लांब, शेवटपर्यंत सोडलेला. "बरं झालं," ते म्हणाले. "मी सगळीकडे बघितलं. गादीखाली. फ्रीजसुद्धा उघडला."

"फ्रीजमध्ये पेपर कशाला असेल?"

"चष्मा असतो ना," बाबा म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

परतीच्या बसमध्ये मला उभं राहावं लागलं. दांड्याला धरून मी सकाळच्या त्यांच्या चेहऱ्याकडे पुन्हा पाहात होते, सांगायचं राहून गेलेल्या त्या चेहऱ्याकडे. मी जिन्यात उतरत असताना त्यांनी टेबलाकडे पाहिलं असेल. पेपर नाही. मग दिवसभर ते घर उलटंपालटं करत असतील आणि प्रत्येक रिकाम्या कप्प्यागणिक आत्या जवळ येत असेल. आम्ही दोघं एकाच गोष्टीला घाबरलो होतो, एकमेकांपासून लपून. उलट्या बाजूंनी वाचत होतो, एवढाच फरक. मग बस एका शाळेवरून गेली, मुलं फाटकातून बाहेर सांडत होती, आणि मला आमचा गाण्याचा तास आठवला, पायपेटी, आणि सगळ्यांनी मिळून बेसूर लावलेला पहिला सूर. मी दांडा घट्ट धरला. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मोठ्याने हसले असावे.

बाबा दारातच होते. मी पेपर दिला तर त्यांनी तो आधी तिरका धरला, उजेडाकडे, अक्षरं आहेत ना ते पाहायला.

"चौकट चुकली आहे," मी म्हणाले.

"तू पाहिलंस?" त्यांनी झटकन वर पाहिलं. "तुलाही चुकलेलीच दिसते ना?"

"कंसातले आकडे आणि घरं जुळत नाहीत. ओळी वेगळ्या, चौकट वेगळी."

"तेच!" ते खुर्चीत बसले. तळवे गुडघ्यांवर टेकवले. "सकाळी पहिलाच शब्द बसेना, तेव्हा कोण आठवलं असेल सांग. म्हटलं, चौकट चुकली की मी? मग ठरवलं, चौकटीकडे बघायचंच नाही. फोड जुळते का बघायचं. जुळली की लिहायचं, घर काळं असो नाहीतर गोरं. उत्तराला जागा नको का? तुला दाखवणार होतो. आंघोळ करून येतो तर पेपर गायब. खाली दुकानात गेलो, तर संपलेले. मग वाटायला लागलं, की अशी चौकट होती तरी का? की तेही माझ्या मनाचंच?"

"मी नेला, बाबा. मला वाटलं…"

"कळलं मला तुला काय वाटलं," ते म्हणाले. "तुझा चेहरा पाहिला मी डबा देताना. रोगी बघतेस तसं बघत होतीस." मग त्यांचा आवाज मोकळा झाला. "आणि ते आठवणवालं बघितलंस का? हा कोडंवाला हल्ली फार हळवा व्हायला लागलाय. लग्न-बिग्न ठरलं असेल."

"सगळ्या फोडी तपासल्या मी."

"तू?"

"एकूण एक. बरोबर आहेत. एक राहिलीय."

"ते गाढव!" त्यांनी टेबलावर थाप मारली. "सकाळपासून लाथा मारतंय. पहिल्या सुरामागून, म्हणजे सुराच्या पहिल्या अक्षरामागून, म्हणजे 'सू'. तो 'सू' घेऊन घरभर हिंडलो. सूगर्दभ. सूगाढव. कशात काही नाही. गाढवच झालं माझं."

"सुराचं पहिलं अक्षर नाही, बाबा. पहिला सूर. साधाच. गाण्यातला."

त्यांचे ओठ हलले. त्यांना गाणं येत नाही, पण तेवढं येतं.

"आणि गाढवाला जुना, पोथीतला शब्द," मी म्हणाले. "खर."

"साखर!" बाबा ओरडले, आणि मग असे हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. "इतकं सोपं होतं? मी काय काय शोधत बसलो!"

"डॉक्टरांनी बंद केली म्हणून डोक्यातूनही काढलीत."

"आगाऊ." त्यांनी डोळे पुसले, खिशातून पेन्सिल काढली, टोक बोटावर टेकवून पाहिलं आणि माझ्यापुढे धरली. "फोड तुझी. लिही तूच."

तिथे दोन पांढरी घरं होती आणि मग काळं. 'सा' आणि 'ख' पांढऱ्यात बसले. 'र' मी काळ्या घरात लिहिला, सावकाश, वळण पूर्ण करत. लिहून झाला तरी काही दिसेना. बाबांनी पेपर माझ्या हातातून घेतला, दिव्याकडे जरासा कलता केला आणि आम्ही दोघं वाकून पाहू लागलो.